पिन अडकू द्या!

तबला, ढोलकी, जेंबे, काहोन... हातानं वाजवायच्या वाद्यांच्या रियाजाला आता एक नवा साथीदार मिळालाय. तो तुमचंच वाजवणं न थकता तुम्हाला ऐकवत राहतो. त्याच्याकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये?

घरात ग्रामोफोन असण्याच्या काळात रेकॉर्डची पिन अडकली की एकच गोंधळ उडायचा. गायिका एकाच शब्दावर गरगरत राहायची आणि स्वयंपाकघरातून हाक यायची, ‘अरे, ती पिन उचला आधी!’ ग्रामोफोन माळ्यावर गेला, पण तेच तेच बोलणाऱ्या माणसाला ‘याची पिन अडकली’ म्हणायची आपली सवय काही गेली नाही.

पॅरिसमधल्या एका माणसाला मात्र ही अडकलेली पिन दोष वाटली नाही. फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी १९४८मध्ये मुद्दाम रेकॉर्डची खाच अशी बंद केली, की सुई पुढं सरकूच नये, एकाच वर्तुळात फिरत राहावी. एकदा निघालेला आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की त्यात काही वेगळंच ऐकू येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आज ज्याला ‘लूप’ म्हणतात, त्याचं हे एक मूळ.

हा लूप आता कुठवर पोहोचलाय? ३० जानेवारी २०२५ रोजी ब्रिटिश गायक एड शीरन पुण्यात गायला. हातात गिटार आणि पायाशी एक यंत्र, हीच त्याची ओळख. आधी गिटारच्या लाकडावर थापा मारायच्या, त्या यंत्रात पकडायच्या, त्यांच्यावर गिटारचे सूर चढवायचे, त्यावर स्वतःचाच कोरस. दोन मिनिटांत एकट्या माणसाचा वाद्यवृंद तयार! आणि हे सगळं आधी ध्वनिमुद्रित करून आणलेलं नसतं, लोकांसमोर तिथल्या तिथं घडतं. म्हणून याला ‘लाइव्ह लूपिंग’ म्हणायचं.

मैफिलीतला हा चमत्कार टाळ्या मिळवून जातो. पण आपला आजचा विषय मैफल नाही, रियाज आहे. घरात एकट्यानं तबला किंवा जेंबे घेऊन बसणाऱ्याला या यंत्राचा उपयोग काय?

आपल्याकडे होताच की!

खरं तर तालाचा लूप आपल्याला नवा नाही. एकल तबलावादन आठवा. तबलजीच्या शेजारी हार्मोनियम किंवा सारंगी घेऊन एक कलाकार बसलेला असतो. तो एका आवर्तनाची छोटीशी चाल घेतो आणि तीच अर्धा तास, तास तासभर वाजवत राहतो. हा लेहरा, ज्याला नगमाही म्हणतात. तबलजी पेशकार, कायदे, रेले, गती असं मनसोक्त फिरून येतो, पण समेवर परतायची वाट त्याला लेहराच दाखवतो. श्रोत्यांनाही सम कळते ती लेहऱ्यामुळेच. आणि तरीही जाहिरातीत या कलाकाराचं नाव बहुधा बारीक अक्षरांत असतं!

अडचण अशी, की रोजच्या रियाजाला लेहरा धरायला कोण येणार? शिकणारा इंदूरला, बडोद्याला किंवा बंगळूरला एखाद्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहतो, गुरुजींचा वर्ग आठवड्यातून एकदा. मधले सहा दिवस तो एकटा. ही पोकळी भरायला पूर्वी मेट्रोनोम होतं. मग बंगळूरच्या राडेल कंपनीची ‘तालमाला’ घरोघरी आली, त्यानंतर फोनवर लेहऱ्याची अ‍ॅप आली.

लूपर यांच्यापेक्षा वेगळा कसा? मेट्रोनोम तुम्हाला घड्याळ ऐकवतं. तालमाला दुसऱ्याचा ठेका ऐकवते. लूपर तुम्हाला तुम्हीच वाजवलेलं ऐकवतो, अगदी जसंच्या तसं. आरशात चेहरा पाहावा तसा आपला हात आपल्या कानानं पाहायचा. आरसा काही नेहमी सुखावत नाही, हे सांगायला नकोच.

डब्यात असतं काय?

यंत्र दिसायला साधं. १९६०च्या दशकात अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांना हेच करायला दोन मोठे टेपरेकॉर्डर लागत. १९६३मध्ये पॅरिसमध्ये ट्रंपेटवादक चेट बेकर यांच्याबरोबर काम करताना तिथल्या रेडिओच्या तंत्रज्ञानं एकच फीत दोन यंत्रांतून ओढून घेतली. पहिलं यंत्र आवाज टिपायचं, दुसरं तोच आवाज थोड्या वेळानं ऐकवायचं आणि तो पुन्हा पहिल्याकडे जायचा. थरावर थर! हेच रायली पुढं, १९७०मध्ये, किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, हा योगायोग आपल्याला सुखावणारा.

त्या दोन टेपरेकॉर्डरांचं काम आज तळहाताएवढी डबी करते. जपानच्या बॉस कंपनीनं २००१मध्ये ‘लूप स्टेशन’ बाजारात आणलं, तर २०१३मध्ये त्याच कंपनीचं ‘आरसी-५०५’ आलं. त्यात पाच वेगवेगळे थर पाच वेगळ्या बटणांवर ठेवता येतात. टेबलावर ठेवून हातानं चालवायचं हे यंत्र तोंडानं ताल काढणाऱ्या बीटबॉक्सर मंडळींनी तर डोक्यावरच घेतलं. शिकणाऱ्याला एवढं लागत नाही. एका पेडलचं साधं यंत्र पुरतं. पेडल एकदा दाबलं की ध्वनिमुद्रण सुरू, दुसऱ्यांदा दाबलं की तेवढा तुकडा गोल फिरायला लागतो, तिसऱ्यांदा दाबलं की त्याच्यावर नवा थर चढतो. पसंत पडला नाही तर शेवटचा थर पुसता येतो.

खरेदीला निघण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, बहुतेक छोटी पेडल गिटारची वायर जोडण्यासाठी बनवलेली असतात. त्यांत मायक्रोफोन थेट लागत नाही, मध्ये छोटा मिक्सर लागतो. दोन, थर चढवताना स्पीकर बंद ठेवून कानाला हेडफोन लावा. नाही तर मायक्रोफोन स्पीकरमधला जुना थरही पुन्हा टिपतो आणि चार फेऱ्यांत नुसती खिचडी होते. तीन, हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमधून आवाज कानात पोहोचायला क्षणभर उशीर होतो, आणि तालात क्षणभर म्हणजे फार झालं!

पैसे घालायचे नसतील तर फोनवर लूपरची अ‍ॅप आहेत. सुरुवात तेवढ्यावर खुशाल करा. वाद्यही लागत नाही. टाळी, टेबलावरची थाप, मूठभर तांदूळ घातलेला स्टीलचा डबा, एवढ्या सामग्रीवर घरातली मुलंही एक संध्याकाळ रमतील.

पाय चुकला की सगळं चुकलं

लूपिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती? वाजवणं नव्हे, पेडल दाबणं! सुरुवातीचं पेडल समेवर दाबायचं आणि बंद करायचं तेही पुढच्या समेवर. बरोबर त्याच क्षणी. जरा मागंपुढं झालं तर काय होतं, याचा हिशेब मांडून पाहू.

समजा, लय मिनिटाला ६० मात्रांची आहे. त्रितालाचं एक आवर्तन १६ सेकंदांचं. तुम्ही पेडल दाबायला सेकंदाचा फक्त दहावा भाग उशीर केलात. तुमचं आवर्तन झालं १६.१ सेकंदांचं. वरवर पाहता काहीच बिघडलं नाही. पण या लूपवर चौगुन वाजवायला घ्या. चौगुनीत एका अक्षराला पाव सेकंद मिळतो. समेपाशी तुम्हाला ०.१ सेकंदाची उचकी लागते, म्हणजे जवळजवळ निम्म्या अक्षराची. हात अडखळतो आणि वाटतं, आपलं चौगुन कच्चं आहे. चौगुन बरोबर असतं, पाया वाकडा असतो. घड्याळाशी ताडून पाहिलं तर दहा आवर्तनांत तुम्ही अख्खी एक मात्रा मागं पडलेले असता.

यावर उपाय? पहिल्या आवर्तनाला पेडल दाबूच नका. दोन आवर्तनं नुसता ठेका धरा, लय अंगात मुरू द्या. तिसऱ्याच्या समेला हात आणि पाय एकदमच पडू द्या. पेडल दाबणं हा ठेक्यातलाच एक बोल आहे असं समजा. आणि बंद करताना हात थांबवू नका. पेडल दाबूनही आणखी दोन-चार मात्रा वाजवत राहा. थांबायच्या विचारानंच शेवटची मात्रा घाईत जाते.

आता एक घरगुती प्रश्न. काहोन किंवा जेंबे वाजवणारा खुर्चीवर बसतो, त्याचा पाय मोकळा असतो. तबलजी मांडी घालून बसतो, त्यानं पेडल दाबायचं कशानं? काही यंत्रांना वेगळं बटण वायरनं जोडता येतं, ते गुडघ्यापाशी ठेवता येतं. काही यंत्रं पहिला आवाज ऐकल्यावर आपोआप सुरू होतात आणि ठरवलेल्या मात्रांवर आपोआप बंद होतात. सोय म्हणून हे ठीक. पण शक्य असेल तोवर स्वतःच दाबा, कारण लयीची पहिली परीक्षा तिथंच असते.

थरावर थर

आता थर कसे लावायचे? घाई करणारा आधी पूर्ण ठेका भरतो, मग त्यावर आणखी बोल, मग आणखी. तिसऱ्या थराला मंडईतला गलका तयार होतो. घर बांधताना पाया आधी, रंग शेवटी. इथंही तसंच.

पहिला थर, नुसत्या टाळ्या. त्रितालात १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी. ९वर काल, म्हणजे खाली. तिथं हात नुसता बाजूला जातो, आवाज नाही. यंत्रानं ती शांतताही टिपलेली असते. दहा वेळा ऐका. जिथं काही वाजत नाही ती जागा कानाला बरोबर सापडली पाहिजे.

दुसरा थर, पढंत. ठेक्याचे बोल तोंडानं म्हणा. वाजवण्याआधी बोलायचं, ही आपली जुनी शिस्त लूपरवर फार उपयोगी पडते. तोंडात जो बोल अडखळतो तो हातातही अडखळतोच.

तिसरा थर, फक्त डग्गा. इथं एक गंमत कळते. त्रितालात काल नवव्या मात्रेवर मोजायची, पण प्रचलित ठेक्यात नवव्यावरही ‘धा’ असतो. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत आणि परत येतो चौदाव्याच्या ‘धिं’वर. वर्षानुवर्षं ठेका वाजवणाऱ्यालाही ही पोकळी कधी कधी नुसता डग्गा ऐकल्यावरच नीट उमगते. मग चौथा थर तबल्याचा, आणि पाचवा, हवाच असेल तर, झांज किंवा तो तांदळाचा डबा.

पाया असा बसला की त्यावर दुगुन, तिगुन, चौगुन करा, तिहाई आणा. पाच मात्रांचा तुकडा घ्या, त्याचा शेवटचा ठोका पाचव्या मात्रेवर. मग एक मात्रा दम. पुन्हा पाच, पुन्हा एक दम, पुन्हा पाच. बेरीज सतरा. समेवर सुरू केलंत तर शेवटचा ठोका बरोबर पुढच्या समेवर! कागदावरचं हे गणित सोपं. लूपवर ते बसलं की नाही, हे पहिल्याच फटक्यात कळतं. तिथं ‘जवळपास आलं’ अशी पळवाट नाही.

वेगवेगळे ताल एकावर एक चढवायचे असतील तर लूपची लांबी आधी ठरवावी लागते. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. आठ मात्रांच्या लूपवर दादरा बसणारच नाही. चोवीस मात्रांचा लूप घ्या. त्यात केरवा तीनदा आणि दादरा चारदा येतो. दोघांची सम चोवीस मात्रांत एकदाच भेटते. मधल्या मात्रांत दोघांना सांभाळताना कपाळाला घाम येतो, पण कान तयार होतो तो इथंच.

एकट्याचं गाव

या थरांची सवय ज्यांच्या रक्तात आहे, त्यांच्याकडेही पाहू. पश्चिम आफ्रिकेतल्या माली, गिनी या देशांत जेंबे एकटा वाजत नाही. त्याच्याबरोबर डुनडुन नावाचे लहान, मधला आणि मोठा असे तीन ढोल असतात, कधी त्यांना बांधलेली लोखंडी घंटा असते. प्रत्येकाच्या वाट्याला छोटासाच तुकडा. सुटा ऐकला तर अगदी साधा, काही वेळा तर अर्थहीनच वाटावा. एकत्र आले की त्यांतून एक चालच ऐकू येते. आपल्या ढोल-ताशा पथकात ढोलाचा ठेका आणि ताशाची तर्री वेगळी ऐकली तर जसं वाटेल, तसंच हे.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५मध्ये एका आवाजाची तीच फीत दोन टेपरेकॉर्डरांवर एकदम लावली. दोन्ही यंत्रांचा वेग तंतोतंत सारखा नसल्यानं फिती हळूहळू एकमेकींपासून सरकल्या. त्या सरकण्यातूनच त्यांनी रचना केली. १९७०मध्ये ते पश्चिम आफ्रिकेतल्याच घाना देशात ढोलवादन शिकायला गेले. परतल्यावर त्यांनी ‘ड्रमिंग’ ही दीर्घ रचना पूर्ण केली आणि ती यंत्रांसाठी नव्हे, माणसांसाठी लिहिली. यंत्रानं सुचवलेलं माणसांच्या हातात आणून सोडलं.

लूपरवर जेंबेचा असा ताल एकट्यानं रचताना शिकणारा प्रत्येकाची भूमिका आळीपाळीनं करतो. आधी घंटा, मग लहान ढोल, मग मोठा, शेवटी मुख्य जेंबे. नेहमी पुढं वाजवणाऱ्याला मागं बसलेल्याचं मोल इथं कळतं. आपल्याकडे मुंबईच्या तौफिक कुरेशी यांनी तबल्याचे बोल जेंबेवर आणले. त्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या तरुणांना हा रियाज चांगलाच उपयोगी पडेल.

पण ते ऐकत नाही

एवढं कौतुक झाल्यावर दुसरी बाजूही पाहायलाच हवी. लूपर बोलतो, पण ऐकत नाही. लेहरा धरणारा कलाकार तबलजीकडे पाहत असतो. लय थोडी चढली की तोही चढतो. तबलजी एखाद्या अवघड चक्रदारात शिरला की तो समेची जागा आणखी ठसठशीत करतो. तबलजी चुकला तर प्रसंगी सांभाळूनही घेतो. विलंबितातून द्रुताकडे जायची चढण दोघं मिळून चढतात. यंत्राला यातलं काही कळत नाही. ते सोळा सेकंदांचं आवर्तन सोळा सेकंदांतच संपवणार.

रोज फक्त लूपरवर वाजवणाऱ्याला दोन खोडी लागतात. पहिली, तो स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडतो. सगळे थर त्याचेच, त्यामुळे सगळे गुण त्याचे आणि सगळे दोषही त्याचेच. डाव्या हाताचा दाब कमी असेल तर पाचही थरांत कमीच. दुसरी खोड जास्त महागात पडते. त्याला समोरच्याकडे पाहायची सवय राहत नाही. गायकानं लय किंचित ओढली तर हा आपला सरळ पुढं! साथीचा अर्थच ज्याला कळला नाही, त्याची लय कितीही पक्की असली तरी तिचा कुणाला काय उपयोग?

म्हणून सहा दिवस यंत्राबरोबर बसलात तर सातवा दिवस माणसासाठी राखून ठेवा. शेजारच्या इमारतीत हार्मोनियम शिकणारी एखादी मुलगी असेल, तिलाही सोबत हवीच असेल. गुरुजींच्या वर्गात अर्धा तास आधी जाऊन दुसऱ्या विद्यार्थ्याला लेहरा धरा. हो, तुम्ही धरा! अर्धा तास तीच चाल न ढळता वाजवणं किती अवघड असतं, हे एकदा स्वतः करून पाहा. पुढच्या मैफिलीत बारीक अक्षरांतलं ते नाव तुम्ही आवर्जून वाचाल.

आवाज बंद!

शेवटी लूपरवरचा सगळ्यात चांगला धडा. लूप चालू ठेवा, ठेका वाजवत राहा, आणि आवाजाचं बटण फिरवून लूपचा आवाज शून्यावर आणा. यंत्र आत फिरतंच आहे, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. एक आवर्तन एकट्यानं वाजवा आणि बरोबर समेवर आवाज परत आणा. लूपची सम आणि तुमची सम एकत्र पडली? मग आता दोन आवर्तनं शांततेत. मग चार. पहिल्या आठवड्यात दोन आवर्तनांतच तुम्ही पुढं पळालेले असाल. बहुतेक जण पुढंच पळतात, शांततेत माणसाला घाई होते. महिन्याभरात हा फरक कमी होत जाईल.

फक्त हे बटण स्वतः फिरवू नका. दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले असतात, आणि आवाज कधी जाणार हे आधी कळलं तर परीक्षा कसली? आई, आजोबा, धाकटी बहीण, जे कुणी मोकळं असेल त्यांना बटणापाशी बसवा आणि सांगा, वाटेल तेव्हा बंद करा, वाटेल तेव्हा सुरू करा. त्यांना ताल कळत नसला तरी चालेल. तुम्ही समेवर आलात की नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरून त्यांना बरोबर कळेल.